चूक वर, नजर खाली: ‘मेक’च्या एका फसलेल्या बिल्डचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातला प्रसंग लहान आहे, आणि उबुंटूची नवी प्रत घातलेल्या कोणत्याही संगणकावर तो पाच मिनिटांत घडवून पाहता येतो. सी भाषेतला एक छोटा प्रकल्प आहे. त्यात चार सोर्स फाइली आहेत, त्यांतली ‘नेट.सी’ ही फाइल इंटरनेटवरून मजकूर आणण्यासाठी लिबकर्ल या लायब्ररीचा आधार घेते, आणि बिल्डसाठी, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्यासाठी, ‘मेक’ या साधनाला सूचना देणारी एक साधी मेकफाइल आहे. समजा, एक विद्यार्थिनी हा प्रकल्प उतरवून घेते आणि रीडमीमध्ये लिहिल्याप्रमाणे ‘मेक -जे४’ ही कमांड देते. सी भाषेचे धडे तिने गिरवलेले आहेत, पण दुसऱ्याने लिहिलेला प्रकल्प बिल्ड करण्याची तिची ही पहिलीच वेळ आहे. तिच्या संगणकावर कंपाइलर आहे, मेक आहे, ‘कर्ल’ ही कमांडही आहे. नाही ती फक्त लिबकर्लची हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख कंपाइलरला करून देणारी फाइल, कारण डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये ती वेगळ्या पॅकेजातून येते.

बिल्ड फसणार हे उघड आहे. ते फसले तेव्हा पडद्यावर काय उमटते, त्यातले काय तिच्यापर्यंत पोहोचते आणि मेकफाइल लिहिणाऱ्याला त्यात काय बदलता येते, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे.

पडद्यावर काय दिसते

सर्वांत आधी चार लांबलचक ओळी येतात. मेक ही जी कमांड चालवणार असते ती आधी जशीच्या तशी छापते, त्यामुळे प्रत्येक फाइलसाठी कंपाइलरचे नाव, वॉर्निंगचे फ्लॅग, ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग, हेडर कोठे शोधायचे त्याचे पत्ते आणि फाइलींची नावे अशी दीड-दोन ओळी भरणारी रांग उमटते. ‘-जे४’मुळे चारही फाइलींचे काम एकदम सुरू होते. ‘नेट.सी’ लगेच अडते, कारण तिच्या तिसऱ्याच ओळीत हेडर मागवलेला आहे. कंपाइलर सांगतो: ‘नेट.सी’, ओळ ३, ‘फेटल एरर’, ‘कर्ल/कर्ल.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. त्याखाली ती ओळ आणि चुकीच्या जागेवर बोट ठेवणारी खूण येते, आणि शेवटी ‘कंपायलेशन टर्मिनेटेड’ असे शब्द.

त्यानंतर मेक बोलते. तीन चांदण्या, मग चौकटी कंसात मेकफाइलचे नाव, ओळ क्रमांक आणि ‘नेट.ओ’ (‘नेट.सी’पासून बनणारी फाइल), आणि पुढे ‘एरर १’. लगेच खाली दुसरी ओळ येते: ‘वेटिंग फॉर अनफिनिश्ड जॉब्ज’. उरलेल्या तीन फाइलींचे काम चालूच असते; मेक नवे काम सुरू करत नाही, पण सुरू झालेले मध्येच तोडतही नाही. त्यामुळे ‘पार्स.सी’ आणि ‘रिपोर्ट.सी’ यांच्या वॉर्निंगा आता, म्हणजे खरी चूक छापून झाल्यानंतर, खाली उमटतात: एक न वापरलेल्या व्हेरिएबलबद्दल, दुसरी चिन्हासहित आणि चिन्हरहित पूर्णांकांची तुलना केल्याबद्दल. ही दुसरी वॉर्निंग वाचायला मोठी भयंकर आहे. तिच्यात टाइपांची नावे आणि महिरपी कंस ठासून भरलेले असतात. ती छापली जाते, मेक एकही शब्द अधिक न बोलता संपते आणि प्रॉम्प्ट परत येतो.

या प्रकरणाचे मर्म या क्रमात आहे. टर्मिनलमध्ये वाचकाची नजर नेहमी तळाशी, प्रॉम्प्टच्या लगेच वर पडते. तिथे या क्षणी बिल्डच्या अपयशाशी काडीचाही संबंध नसलेली वॉर्निंग आहे. विद्यार्थिनी ती वाचते, ‘रिपोर्ट.सी’ उघडते, तुलनेतला टाइप बदलते, पुन्हा बिल्ड करते, आणि पुन्हा तेच. अनुभवी माणूस असे करत नाही, कारण वर जाऊन पहिला ‘एरर’ हा शब्द शोधायचा ही सवय त्याच्या हातात मुरलेली असते. ती सवय कोणत्याही संदेशात लिहिलेली नाही. ती कोणीतरी शेजारी बसून सांगितलेली असते, किंवा बऱ्याच संध्याकाळी वाया घालवून मिळालेली असते.

समजा ती वर गेली आणि खरी ओळ तिला सापडली. ‘अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ हे वाक्य खरे आहे, पण त्याचा तिने लावलेला अर्थ बहुधा असा असेल की प्रकल्पाच्या फोल्डरमधून एक फाइल गहाळ आहे. मग ती प्रकल्प पुन्हा उतरवून घेते. किंवा ‘कर्ल’ हा शब्द ओळखून ती ‘कर्ल’ पॅकेज घालू पाहते आणि ते आधीच आहे असे उत्तर मिळाल्यावर पुरती बुचकळ्यात पडते. किंवा ‘कर्ल.एच’ ही एकटी फाइल इंटरनेटवरून शोधून फोल्डरमध्ये आणून ठेवते, आणि मग तो हेडर स्वतः मागवत असलेल्या पुढच्या हेडरपाशी अडते. या तिन्ही वाटा मूर्खपणाच्या नाहीत. जे छापले गेले त्यावरून काढलेले ते सरळ तर्क आहेत. चालणारी लायब्ररी, तिची कमांड आणि तिच्यावर प्रोग्रॅम बांधण्यासाठी लागणारे हेडर ही तीन वेगवेगळी पॅकेजे असतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो संदेश ते सांगत नाही.

मेकला काय ठाऊक असते

या संदेशाचा राग मेकवर काढण्यात अर्थ नाही. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिले तेव्हा त्याचे काम ठरलेले होते: कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे ते पाहायचे, जुनी झालेली फाइल पुन्हा बनवण्याची कमांड चालवायची, आणि ती कमांड शून्याशिवाय दुसरा आकडा घेऊन परतली तर थांबायचे. ‘एरर १’ मधला १ म्हणजे कंपाइलरने परत दिलेला तो आकडा, एवढेच. कमांडच सापडली नाही तर तिथे १२७ येतो, आणि एका मेकने आतून दुसरे मेक चालवलेले असेल तर बाहेरच्या ओळीत बहुतेक वेळा २ दिसतो. हे आकडे चुकीचे क्रमांक आहेत असे समजून त्यांचा अर्थ शोधत बसणारे नवखे लोक अनेक असतात. मेकला सी भाषा ठाऊक नाही, लिबकर्ल ठाऊक नाही, उबुंटूही ठाऊक नाही. कंपाइलरला हेडर सापडला नाही हे कळते, पण तो कोणत्या पॅकेजात मिळतो हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. या साखळीत ती माहिती एकाच्याच डोक्यात असते, आणि तो म्हणजे प्रकल्पाचा लेखक. मेकफाइल तोच लिहितो, पण तिच्यात तो यंत्रासाठी सूचना लिहितो. माणसासाठी एक ओळही लिहीत नाही.

यामागे एक साधे कारण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे. लेखकाच्या संगणकावर लिबकर्लचे हेडर कधीचेच घातलेले असतात. हा फसलेला पडदा त्याने कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्या रोजच्या बिल्डमध्ये दिसतात त्या फक्त यशाच्या ओळी, आणि त्याही तो वाचत नाही.

साधनाचे लेखक नवख्याचा विचार करतात तेव्हाही तो विचार काळाबरोबर कसा शिळा होतो, याचा एक नमुना मेकमध्येच आहे. रेसिपीची, म्हणजे मेकने चालवायच्या कमांडची, ओळ टॅबने सुरू न होता स्पेसने सुरू झाली की जीएनयू मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबते. या कुप्रसिद्ध संदेशाला पुढे एक प्रेमळ पुस्ती जोडलेली आहे: ‘आठ स्पेसऐवजी तुम्हाला टॅब म्हणायचा होता का?’ पण ओळीच्या सुरुवातीला आठ स्पेस असतील तरच ही पुस्ती छापली जाते. आजचे बरेच एडिटर टॅबच्या जागी चार स्पेस घालतात, त्यामुळे ज्यांना त्या सूचनेची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या पडद्यावर ती उमटत नाही. सूचना लिहिली होती, ती बरोबर होती, आणि तरी ती पोहोचत नाही.

पहिला प्रयत्न: गोंगाट कमी करणे

असा पडदा सुधारायला घेतला की पहिला विचार मनात येतो तो लांब कमांड लपवण्याचा. त्याला चांगली परंपराही आहे. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्ये प्रत्येक फाइलसाठी ‘सीसी’ आणि फाइलचे नाव एवढीच ओळ येते, आणि पूर्ण कमांड हवी असेल तर ‘व्ही=१’ असे सांगावे लागते; मेकफाइली तयार करून देणाऱ्या ऑटोमेकने २००९ मध्ये आलेल्या १.११ आवृत्तीत याच पद्धतीचे ‘सायलेंट रूल्स’ आणले. सीमेक तर ‘बिल्डिंग सी ऑब्जेक्ट’ असे शब्दांत लिहिते आणि पुढे टक्केवारी देते. आपल्या प्रकल्पात रेसिपीच्या आधी ‘@’ हे चिन्ह घालून कमांड दडवली आणि तिच्या जागी ‘कंपाइल: नेट.सी’ अशी ओळ छापली की पडदा एकदम मोकळा होतो. ‘सीसी’ आणि ‘एलडी’ ही संक्षिप्त रूपे मी मुद्दाम टाळतो, कारण नवख्याला ती कमांडइतकीच परकी असतात आणि पूर्ण शब्द लिहिल्याने जागा काही फार जात नाही.

पण एवढ्यावर थांबलेला प्रकल्प पूर्वीपेक्षा वाईट झालेला असतो. चूक जिथे होती तिथेच, वॉर्निंगांच्या वरच राहते, आणि आता ती नेमक्या कोणत्या कमांडमुळे आली हेही दिसेनासे होते. मदत मागताना विद्यार्थिनी जो पडदा दुसऱ्याला दाखवते त्यात उपयोगाचे काहीच उरत नाही. शिवाय बिल्डचे वाचक अनेक असतात. डेबियनसाठी पॅकेज बनवणाऱ्याला बिल्डच्या नोंदीत प्रत्येक फ्लॅग दिसावा लागतो, कारण सुरक्षिततेचे फ्लॅग खरोखर लागले की नाही हे त्याच नोंदीतून तपासले जाते. म्हणूनच डेबियनची डेबहेल्पर साधने ऑटोमेकच्या प्रकल्पांना सायलेंट रूल्स बंद ठेवायला स्वतःहून सांगतात. तेव्हा कमांड लपवायची तर ‘व्ही=१’ ठेवलाच पाहिजे, आणि फसलेल्या कमांडच्या बाबतीत ती न विचारता छापलीच पाहिजे. निंजा हे मेकसारखेच बिल्डचे साधन नेमके असे करते: काम सुरळीत असताना एकच बदलती ओळ, आणि एखादी कमांड फसली की ‘फेल्ड’ या शब्दाखाली ती पूर्ण कमांड आणि तिचा सगळा मजकूर एकत्र. मेकमध्ये हे आपोआप होत नाही, पण रेसिपीत कमांडच्या पुढे ‘किंवा’चे चिन्ह घालून, फसल्यास कमांड छापायची आणि अपयशाचा आकडा तसाच परत द्यायचा, एवढे लिहिता येते.

दुसरा प्रयत्न: ओळींचा क्रम

जीएनयू मेकच्या ४.० या २०१३ मधल्या आवृत्तीपासून ‘--आउटपुट-सिंक’ हा पर्याय मिळतो. तो दिला की एका टार्गेटचा, म्हणजे मेकला बनवायच्या एका गोष्टीचा, सगळा मजकूर ते टार्गेट संपेपर्यंत बाजूला साठवला जातो आणि मग एकगठ्ठा छापला जातो. दोन फाइलींचे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत, हा मोठा दिलासा आहे. मात्र त्याची एक किंमत आहे, जी वापरल्याशिवाय लक्षात येत नाही: संदेश आता टर्मिनलवर न जाता तात्पुरत्या फाइलीत जातात, म्हणून जीसीसी या कंपाइलरला आपण टर्मिनलशी बोलत आहोत हे कळत नाही आणि तो रंग बंद करतो. लाल ‘एरर’ आणि जांभळी ‘वॉर्निंग’ हा फरक नवख्याला शब्दांआधी कळत असतो, तोच नाहीसा होतो. त्यामुळे रंग नेहमी चालू ठेवण्याचा फ्लॅग वेगळा द्यावा लागतो, आणि मग नोंद फाइलीत वळवली की तिच्यात रंगांच्या विचित्र खुणा शिरतात. मेक अशा वेळी स्वतः टर्मिनलवर आहे की नाही ते ‘मेक-टर्मआउट’ या व्हेरिएबलमध्ये सांगते. ते तपासून रंगाचा फ्लॅग लावणे हा त्यातला नीटस मार्ग आहे.

एवढे करूनही मूळ अडचण सुटलेली नसते. गठ्ठे वेगळे झाले तरी ते कामे ज्या क्रमाने संपली त्याच क्रमाने येतात; ‘नेट.सी’ सर्वांत आधी फसते, म्हणून तिचा गठ्ठा सर्वांत वरच राहतो. नजर खालीच असते.

तिसरा प्रयत्न: जिथे अडते तिथेच सांगणे

आता संदेशाच्या मजकुराकडे येऊ. हेडर नाही हे आधीच ओळखण्यासाठी पहिली सुचणारी युक्ती म्हणजे मेकफाइलच्या वरच्या भागात, कोणती लायब्ररी उपलब्ध आहे ते सांगणाऱ्या ‘पीकेजी-कॉन्फिग’ या कमांडला लिबकर्ल आहे का असे विचारायचे आणि नसल्यास ‘एरर’ फंक्शनने थांबायचे. ही युक्ती दोन ठिकाणी फसते. मेकफाइल वाचतानाच ती तपासणी होत असल्यामुळे ‘मेक क्लीन’ (बनलेल्या फाइली पुसणारी कमांड) आणि ‘मेक हेल्प’ देखील अडतात. म्हणजे मदत मागणाऱ्यालाच मदत नाकारली जाते. दुसरे अधिक गंभीर आहे. ‘पीकेजी-कॉन्फिग’ हेच नव्या संगणकावर नसू शकते. तेव्हा तपासणी अर्थातच अपयशी ठरते आणि आपला संदेश ठामपणे सांगतो की लिबकर्ल नाही, मग ते असो वा नसो. ठामपणे दिलेली चुकीची सूचना गप्प राहण्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण नवखा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो आणि असलेली वस्तू पुन्हा पुन्हा घालत बसतो.

या प्रकरणात मला सर्वांत योग्य वाटलेला उपाय मेकफाइलमध्ये नसून ‘नेट.सी’मध्येच आहे. जीसीसीच्या २०१५ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून ‘हॅज-इन्क्लूड’ ही सोय आहे आणि आता ती सी२३ या मानकातही आली आहे. तिने एखादा हेडर सापडतो का हे प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपाइलरच्या पहिल्या टप्प्याला, विचारता येते. हेडर मागवणाऱ्या ओळीच्या लगेच आधी, तो सापडत नसेल तर ‘#एरर’ने आपले वाक्य छापायचे, असे तीन ओळींत होते. तपासणी त्याच कंपाइलरकडून, त्याच फ्लॅगांनी, त्याच क्षणी होते, म्हणून ती खोटी ठरण्याचा संभव राहत नाही. शिवाय ‘मेक क्लीन’ला तिचा त्रास होत नाही. त्यानंतर कंपाइलरचा स्वतःचा ‘फेटल एरर’ही येतोच, आणि तो येऊ द्यावा, शोधयंत्रात घालायला तीच ओळ उपयोगी पडते.

वाक्य कसे असावे यावर मी बराच वेळ घातला. पहिला मसुदा ‘लिबकर्ल इन्स्टॉल केलेले नाही’ असा होता. तो खोटा आहे, कारण लिबकर्ल असते, हेडर नसतात. दुसऱ्या मसुद्यात पाच डिस्ट्रोंची (लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रणालींची) पाच पॅकेजनावे होती, आणि त्या गर्दीत आपली ओळ कोणती हे शोधणे पुन्हा वाचणाऱ्यावर पडत होते. शेवटी ठरलेला मजकूर असा: ‘लिबकर्लची हेडर फाइल (कर्ल/कर्ल.एच) सापडली नाही. ‘कर्ल’ कमांड असली तरी प्रोग्रॅम बांधण्यासाठी हे वेगळे पॅकेज लागते. उबुंटू किंवा डेबियन: लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह. फेडोरा: लिबकर्ल-डेव्हल. इतर प्रणालींसाठी रीडमी पाहा.’ पहिले वाक्य यंत्राला जेवढे निश्चित कळले तेवढेच सांगते. दुसरे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात नेमका जो गैरसमज उठणार आहे त्याला आधीच उत्तर देते. ते गाळले तर पहिले वाक्य निम्मे निकामी होते. उबुंटूमध्ये जीएनयूटीएलएस या दुसऱ्या सुरक्षा-लायब्ररीवर बांधलेले दुसरे डेव्ह पॅकेजही आहे आणि या प्रकल्पाला तेही चालले असते, पण निवड करण्याची पात्रता ज्याच्याकडे अजून नाही त्याच्यासमोर दोन पर्याय ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

हा मजकूर कोणत्या भाषेत असावा, हा प्रश्न मराठी माध्यमातून पॉलिटेक्निकला आलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प लिहिणाऱ्याने जरूर विचारात घ्यावा. मराठी वाक्य छापायला तांत्रिक अडथळा नाही, पण अनेक टर्मिनलांमध्ये देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटतात. म्हणून पॅकेजचे नाव आणि कमांड रोमन लिपीत स्वतंत्र ओळीवर ठेवावी, जेणेकरून मराठी ओळ थोडी मोडली तरी कामाची ओळ शाबूत राहील.

शेवटची ओळ

क्रमाचा प्रश्न अजून उरला होता. बिल्ड फसल्यावर, सगळी कामे थांबल्यानंतर, कोणीतरी शेवटी बोलायला हवे. मेकमध्ये अपयशानंतर चालणारे टार्गेट नसते, म्हणून वरच्या टार्गेटमधून आतले मेक चालवायचे आणि ते फसले तर समारोपाच्या ओळी छापायच्या, अशी दुहेरी रचना करावी लागली.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात पाय जाणे अगदी सोपे आहे. समारोपासाठी आधीचा मजकूर हाताशी हवा म्हणून आतल्या मेकचा मजकूर ‘टी’ कमांडला (जी मजकूर पडद्यावर आणि फाइलीत दोन्हीकडे पाठवते) पाइपने जोडून फाइलीतही वळवावा असे वाटते. पण पाइपचे यश शेवटच्या कमांडवरून ठरते आणि ‘टी’ नेहमीच यशस्वी होते. परिणामी बिल्ड फसते, पडद्यावर चुका दिसतात, आणि मेक मात्र सर्व ठीक आहे असे समजून शून्य परत देते. स्वयंचलित तपासणीत तो फसलेला बिल्ड हिरवा दिसतो. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ लावून हे टाळता येते, पण उबुंटूवर मेक ज्या ‘एसएच’कडे कमांड सोपवते तो बॅश नसून डॅश असतो, म्हणून शेल कोणता हेही मेकफाइलमध्ये स्पष्ट लिहावे लागते. संदेश सुंदर करताना खरेखोटे उलटे होणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि कोणताही बदल केल्यावर परत येणारा आकडा मुद्दाम छापून पाहणे ही त्यावरची साधी खबरदारी आहे.

शिवाय साठवलेल्या मजकुरात ‘एरर’ हा शब्द शोधणेही भरवशाचे नाही, कारण जीसीसी वापरणाऱ्याच्या भाषेप्रमाणे संदेश देतो आणि जर्मन संगणकावर तिथे ‘फेलर’ असते. म्हणून मी मजकूर चाळण्याचा नाद सोडला. प्रत्येक कंपाइल कमांड फसली की ती आपल्या फाइलचे नाव एका छोट्या खूणफाइलीत लिहिते, आणि वरचे टार्गेट शेवटी ती खूणफाइल वाचते. पडद्यावर येते ते असे: एक रिकामी ओळ, मग ‘बिल्ड अपूर्ण राहिला. अडलेली फाइल: नेट.सी. वर जाऊन याच फाइलचा पहिला संदेश वाचा; वॉर्निंगांमुळे बिल्ड थांबत नाही.’ जी सवय अनुभवी माणसाच्या हातात असते ती आता शब्दांत लिहिलेली आहे.

याच्याही खाली बाहेरच्या मेकची ‘एरर २’ ही ओळ येतेच. मेकच्या आतून ती थांबवता येत नाही. तिला टाळण्यासाठी मेकऐवजी वेगळी शेल स्क्रिप्ट चालवायला सांगता आली असती, पण मग विद्यार्थिनी मेक शिकलीच नसती, आणि पुढच्या प्रकल्पात तिच्यासमोर मेकच येणार आहे. ती एक ओळ मी राहू दिली. या बाबतीत रस्ट या भाषेच्या कंपाइलरने चांगला पायंडा पाडला आहे: अनेक चुकांना क्रमांक असतो, आणि संदेशांच्या अगदी तळाशी त्या क्रमांकाचे सविस्तर स्पष्टीकरण कोणत्या कमांडने वाचता येईल ते लिहिलेले असते. म्हणजे जिथे नजर पडते तिथेच पुढचे पाऊल ठेवलेले असते. निंजाची शेवटची ओळ मात्र मेकसारखीच, आतली कमांड फसली म्हणून बिल्ड थांबला एवढेच सांगणारी आहे.

यशाच्या वेळी मेक काही बोलत नाही, त्याचीही दखल घ्यावी लागली. बिल्ड पूर्ण झाल्यावर काय तयार झाले आणि ते कसे चालवायचे, फाइलच्या नावाआधी बिंदू आणि तिरपी रेघ घालून, ही एक ओळ जोडली. दुसऱ्यांदा ‘मेक’ दिल्यावर येणारे ‘नथिंग टु बी डन’ हे वाक्य पुष्कळांना तक्रार वाटते; वरच्या टार्गेटच्या नव्या रचनेमुळे त्याच्या जागी ‘सर्व काही आधीच तयार आहे’ असे लिहिता आले.

तपासणी

लेखकाच्या संगणकावर हा पडदा कधीच येत नसल्यामुळे तो मुद्दाम आणावा लागतो. उबुंटूची कोरी डॉकर प्रतिमा (संगणकाच्या आत वेगळी चालणारी स्वच्छ उबुंटू) घेऊन तिच्यात फक्त कंपाइलर आणि मेक घालायचे आणि बिल्ड चालवायचा, मग हेडर घालून पुन्हा चालवायचा, मग ‘नेट.सी’मध्ये एक अर्धविराम काढून पुन्हा. प्रत्येक वेळी पडद्यावर आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहायचा. ही पद्धत रस्टच्या कंपाइलरमध्ये रुळलेली आहे. तिथे चुकीच्या प्रोग्रॅमांशेजारी त्यांच्या अपेक्षित संदेशांच्या फाइली ठेवलेल्या असतात, आणि संदेशातला एक शब्द बदलला तरी तो बदल कोणाच्या तरी नजरेखालून जातो. छोट्या प्रकल्पाला तीन-चार प्रसंग पुरतात. जीसीसीच्या नव्या आवृत्तीत त्याचे स्वतःचे शब्द बदलतात, म्हणून ताळा फक्त आपण लिहिलेल्या ओळींचाच घ्यावा.

या तपासणीत एक उणीव मात्र सापडत नाही, कारण डॉकरमध्ये आपण सहसा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, असतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर विद्यार्थिनीला ‘सुडो’चा, म्हणजे रूट म्हणून कमांड चालवण्याचा, अधिकार नसतो, आपला संदेश पॅकेजचे अचूक नाव सांगतो आणि ते घालायला गेल्यावर परवानगी नाकारली जाते. म्हणून ‘#एरर’च्या मजकुरात पॅकेजच्या नावांनंतर आणखी एक ओळ घातली आहे: ‘पॅकेज घालण्याची परवानगी नसेल, तर वरचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखांना दाखवा.’